कोगनोळी नाक्यापर्यंत गेलेला आवाज

मित्रांनो, यल्लव्वाच्या नवऱ्याचा आवाज मी खाल्ला. एकदम नाही. थोडा थोडा करून, सुईने, बारा-तेरा वर्षांत.

हे वाक्य आता विसरा. असं काही झालेलंच नाही. मी गरीब रेकॉर्ड प्लेअर, मला दात नाहीत, आणि कोणी कोर्टात उभं केलं तरी मी हेच सांगेन. आपण नव्याने सुरुवात करू.

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत, लेथच्या दोन शेडच्या मध्ये एक दोन खोल्यांचं घर आहे. तिथल्या कपाटावर मी बसतो. माझा रंग मूळचा लाल, हल्ली विटकरी म्हणतात. आकार लहान बॅगेएवढा. झाकण उघडलं की खाली थाळी, थाळीच्या कडेला हात, हाताच्या टोकाला सुई. भोंगा मात्र झाकणात बसवलेला, म्हणजे मी बोलतो ते माझ्या टोपीतून. मला बनवणाऱ्यांना यात काही विचित्र वाटलं नाही, म्हणून मीही मनावर घेतलं नाही.

माझा जन्म सांगण्यासारखा नाही. एका बाईने माझ्या पोटातल्या तारा जोडल्या आणि शेवटी सुईला अंगठा लावून बघितला. भोंग्यातून खर्र आवाज आला. "बोलतोय," ती म्हणाली आणि पुढच्या पेटीकडे वळली. माझं बारसं ते एवढंच.

मला घरी आणलं गणपतीने. गणपती फौंड्रीत मोल्डर होता. दिवसभर काळ्या मातीचे साचे भरायचा आणि संध्याकाळी हातपाय धुऊन गायन पार्टीत उभा राहायचा. मागच्या ओळीत, डावीकडून दुसरा. या पार्टीची पंचाहत्तरच्या आसपास एक रेकॉर्ड निघाली. एकच निघाली. पार्टीतल्या प्रत्येकाला एकेक प्रत मिळाली आणि वाजवायचं मशीन मात्र एकाकडेही नव्हतं. गणपतीने दोन वर्षं ती रेकॉर्ड खिळ्याला टांगून ठेवली. पावणं आलं की तो भिंतीकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "आमचं गाणं." पावणे भिंतीकडे बघून मान डोलवायचे. मग मी आलो आणि लोकांना कळलं की गाण्याला आवाजही असतो.

गाणं तीन मिनिटं अकरा सेकंदांचं. त्यात गणपतीला एकट्याला एकच ओळ होती. पण ती ओळ सुरू करण्याआधी तो खाकरला होता, आणि रेकॉर्डिंगवाल्यांच्या ते लक्षात आलं नाही. खाकरणं तसंच छापलं गेलं. पार्टीतल्या लोकांनी वर्षभर त्याची थट्टा केली. त्याच्या बायकोने, यल्लव्वाने, कधी केली नाही. ती म्हणायची, "ओळ लिहिली दुसऱ्यानं, चाल लावली तिसऱ्यानं. खाकरणं तेवढं ह्यांचं सोताचं हाय."

त्र्याण्णव साली गणपती वारला. फौंड्रीतून घरी आला, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबला नाही. तोवर पार्टीतल्या बाकीच्या प्रती संपल्या होत्या. एक उन्हात वाकली, एकीवर लहान मूल बसलं, एक तर बरेच दिवस रांजणावर झाकण म्हणून होती. गणपतीचा फोटोही एकच, त्यात तो हलल्यामुळे दोन तोंडं आली आहेत. म्हणजे जगात गणपती जेवढा शिल्लक होता तेवढा त्या तबकडीत होता, आणि ती वाजवायला मी होतो.

या घरी दर पौर्णिमेला बुद्धवंदना होते. वंदनेत सगळं तीनदा म्हणायचं असतं. पहिल्यांदा, मग दुसऱ्यांदाही, मग तिसऱ्यांदाही. गणपती गेल्यावर वंदना संपली की त्याचं गाणं लावायची पद्धत पडली. कोणी ठरवलं नाही, पण तेही तीनदाच लागू लागलं. तिसऱ्यांदा झाल्याशिवाय या घरात काही पुरं झालं असं कोणी धरत नाही.

दुसऱ्याच वर्षी घात झाला. माझी सुई नेमकी त्या खाकरण्यावर अडकली. गणपती खाकरला. परत खाकरला. परत खाकरला. ओळ काही सुरू होईना. घरात आठ-दहा माणसं मांडी घालून बसलेली. एक म्हातारा हळूच म्हणाला, "पाणी द्या की कोणतरी त्याला." आणि खरंच एक बाई उठली.

त्यावर उपाय काढला प्रसेनजीतने. प्रसेनजीत हा गणपतीचा मुलगा, तेव्हा नुकताच आयटीआयमधून बाहेर पडलेला. त्याने कोनाड्यातून बापाचा फौंड्रीतला बिल्ला आणला. पितळी, जाड, त्यावर नंबर चारशे सतरा. हजेरीला गेटवर द्यायचा आणि सुटताना परत घ्यायचा तो बिल्ला. तो त्याने माझ्या हातावर, बरोबर सुईच्या वर ठेवला आणि दोऱ्याने बांधला. सुई वजनाने खाली दबली, अडकायची थांबली, गणपतीने ओळ म्हटली. यल्लव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाचा बिल्ला बापाच्या आवाजावर, याहून चांगली जागा त्याला कुठे मिळणार होती?

मित्रांनो, त्या दिवसापासून तो बिल्ला कोणी काढला नाही. पौर्णिमेला तो चिंचेने घासून चकचकीत करत, पण माझ्या हातावरून न उतरवता. मी त्याचं ओझं वाहत राहिलो. मला त्यात मानही वाटत होता.

पुढे माझा आवाज बारीक होऊ लागला.

पहिल्यांदा ते संघप्रियाच्या लक्षात आलं. संघप्रिया ही सून, सत्त्याण्णव साली घरात आली. एका पौर्णिमेला ती म्हणाली, "आत्या, मामंजींचा आवाज आज बारीक येतोय." प्रसेनजीतने माझं आवाजाचं बटण वाढवलं. पार्टी मोठी झाली, पेटी मोठी झाली, खरखर तर फारच मोठी झाली. गणपती होता तेवढाच राहिला.

यल्लव्वा डोळे मिटून ऐकत होती. ती म्हणाली, "बारीक न्हाई झालेला. ह्ये लांब उभं हाईत."

"कुठं लांब?" प्रसेनजीतने विचारलं.

"गल्लीच्या तोंडाला. नळाजवळ."

"आई, आपण असलं काय मानत न्हाई."

"मी कुठं मानतीया. मी ऐकतीया," यल्लव्वा म्हणाली. "जा, बघून ये."

तो गेला. भर दुपारी, चपला घालून, नळापर्यंत. परत येऊन म्हणाला, "कोण न्हाई तिथं. एक बादली हाय."

"कुणाची?"

"ते न्हाई विचारलं."

"मग काय बघून आलास?" यल्लव्वा म्हणाली.

यानंतर घरात एक नवीन हिशेब सुरू झाला, पावलांचा. दर पौर्णिमेला यल्लव्वा गाणं ऐकायची आणि गणपती कुठपर्यंत पोचला ते सांगायची. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तो सायबर चौकात होता. दिवाळीला शाहू नाक्याच्या अलीकडे. ती अंदाजाने बोलत नव्हती. हाक किती लांबून आली की कशी ऐकू येते, हे तिला नेमकं माहीत होतं. तिचं माहेर आणि सासर दोन्ही निपाणीच्या बाजूच्या रानातलं, तिथे हाकेवरच माणसं मोजतात. गणपती आपल्या गावाकडे निघाला आहे, आणि चालतच निघाला आहे, असं तिचं म्हणणं पडलं.

"एसटीनं का न्हाई गेलं?" एकदा संघप्रियाने विचारलं.

"त्यांना एसटी लागती," यल्लव्वा म्हणाली.

प्रसेनजीत दर वेळी स्कूटर काढून बघून यायचा. आधी आई गप्प बसावी म्हणून जायचा. पुढे पुढे आईने न सांगताच जायला लागला.

पण गोष्ट थट्टेची नव्हती. एके दिवशी यल्लव्वाने बोटं मोजली आणि म्हणाली, "असंच चाललं तर ह्ये कोगनोळी नाका वलांडतील. पल्याड कर्नाटक. एकदा तिकडं गेलं की आवाज न्हाई येत. गावात पोचलं की माणूस मागं वळून बघत न्हाई. मग काय करायचं?" हे ऐकून कोणी हसलं नाही. मीही नाही. तिचं मोजमाप मला पटत होतं, कारण गाणं माझ्यातूनच जात होतं आणि ओळीच्या जागी दर खेपेला मला थोडं जास्त पोकळ लागत होतं.

तेव्हा केरबा मिस्त्रीला बोलावलं.

केरबा हा रेडिओ दुरुस्त करणारा जुना माणूस. तोवर रेडिओ कोणी दुरुस्त करत नव्हतं, म्हणून तो सगळ्याच मशीनकडे एका नजरेने बघायचा. डॉक्टर जसा नातेवाइकांसमोर बघतो तसा. त्याने माझं झाकण उघडलं, मला पालथा घातला आणि पोटाचे स्क्रू काढले.

"आत काय हाय, मिस्त्री?" यल्लव्वाने विचारलं.

"एक झुरळ हाय. मेलंय."

"अजून?"

"अजून काय पाहिजे, आक्का?"

तिला काय पाहिजे होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिने मान वाकवून माझ्या पोटात नीट बघितलं. तिथे तारा होत्या, धूळ होती, गणपती नव्हता. हे मी शपथेवर सांगतो. मी स्वतःही खूपदा शोधलं आहे.

केरबाने कामाला हात घातला. आधी आवाजाचं बटण पेट्रोलने धुतलं, कारण तिथे काजळी धरली की आवाज अडतो. काही फरक नाही. मग सुईला अंगठा लावला. भोंगा खर्र करून ओरडला, अगदी माझ्या जन्माच्या दिवसासारखा. "भोंगा चांगला हाय," केरबा म्हणाला. मग हातातून येणाऱ्या दोन केसाएवढ्या तारा तपासल्या, एक सैल होती, तिला सोल्डरचा डाग दिला. मग सुईमागचा खडा बदलला. सुईची थरथर विजेत बदलतो तो हाच खडा. दमट हवेत तो मरतो आणि आवाज बसतो. सुईही नवी घातली. आणि हे सगळं करताना बिल्ल्याचा दोरा त्याने हळूच सोडला, बिल्ला कपाळाला लावला, काम झाल्यावर होता तिथे परत बांधला. गणपती त्याचा दोस्त होता.

मग त्याने पिशवीतून स्वतःची रेकॉर्ड काढली. केरबाकडे तपासणीसाठी एकच रेकॉर्ड होती, कुक्कुटपालनाची माहिती देणारी. ती कुठून आली हे त्यालाही आठवत नव्हतं. त्याने ती लावली आणि माझ्या तोंडून कोंबडा आरवला. काय आरवला! शेजारच्या शेडमधला लेथवाला मशीन बंद करून बाहेर आला. मागोमाग एक गंभीर आवाज म्हणाला की पिल्लांना पहिल्या आठवड्यात उबेची गरज असते. शब्द न् शब्द स्वच्छ.

"मशीन एक नंबर हाय," केरबा म्हणाला. "आता लावा गणप्याची."

लावली. पार्टी आली, पेटी आली, ढोलकी आली. ओळीच्या जागी फार लांबून, वाऱ्यावर आल्यासारखं कोणीतरी खाकरलं.

केरबाने तबकडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग दाराबाहेर बघितलं. "कोंबडी जवळ हाय आणि माणूस लांब," तो म्हणाला. "असं मी कधी बघितलं न्हाई." त्याने चहाही घेतला नाही.

पुढची दोन-तीन वर्षं अशीच गेली. दर पौर्णिमेला तीनदा, शिवाय पावणं आलं तर वेगळं. गणपती गोकुळ शिरगाव ओलांडून गेला. प्रसेनजीतला तोवर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कायमची नोकरी लागली होती. पहिली पाळी करून तो दुपारी साडेतीनच्या बसला उभा राहायचा. एका पौर्णिमेला तो घरी आला आणि हात न धुता तसाच माझ्यासमोर बसला.

"काय झालं?" संघप्रियाने विचारलं.

"स्टॉपवर मी एकटाच हुतो," तो म्हणाला. "मागं कोणतरी खाकरलं."

"मग?"

"मग मी म्हटलं, ओळ म्हणतील. थांबलो. दोन बस सोडल्या."

"म्हटली का?"

"न्हाई."

यल्लव्वा तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं. "काय म्हणाला न्हाईस त्यांना? घरी चला म्हणून?"

प्रसेनजीत मान खाली घालून म्हणाला, "सुचलं न्हाई, आई."

तिने पुन्हा ताट उचललं. "कागल झालं. आता नाका," ती म्हणाली आणि एक खडा काढून बाजूला टाकला.

मग तिने केरबाला दुसऱ्यांदा बोलावलं. या खेपेला केरबाने आधी मला हातही लावला नाही. घड्याळवाल्याकडून डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं होतं, त्याने तो तबकडी बघत बसला. दारात उन्हाकडे धरून, तिरपी करून, कितीतरी वेळ. मग माझी सुई बघितली. सुईच्या टोकाला काळा भुरका चिकटला होता. तो त्याने बोटावर घेतला.

"धूळ हाय का?" यल्लव्वाने विचारलं.

"न्हाई."

"मग?"

केरबाने भिंग उतरवून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "आक्का, रेकॉर्डवर रेघ असती. रेघंच्या भिंतीवर आवाज कोरलेला असतो. सुई त्या भिंतीला घासून जाती. वजन हलकं असलं तर नुसती चाटून जाती. जड असलं तर खरवडती." त्याने बिल्ल्याकडे बघितलं नाही. सगळ्यांनी बघितलं. "दुसरीकडच्या रेघा जाड हाईत, त्या टिकल्या. गणप्याची ओळ हळू आवाजातली. भिंतच पातळ. ती गेली."

"आणि ह्यो भुरका?"

"ह्यो आवाजच हाय की, आक्का."

मित्रांनो, त्या क्षणी मला कळलं. दोष बटणात नव्हता, तारेत नव्हता, खड्यात नव्हता. मी कोंबड्यासारखा खणखणीत होतो, आणि ज्याला माझ्याकडे सांभाळायला दिलं होतं त्याला मी दर पौर्णिमेला तीन-तीन घास खात होतो. आणि माझा हात धरून दाबत कोण होतं? त्याचाच चारशे सतरा नंबर. मला वाटलं, माझी वायर जळावी. वायर जळली नाही. ती चांगल्या प्रतीची आहे.

प्रसेनजीत भिंतीला टेकला. "मीच बांधला हुता," तो म्हणाला.

"सोन्या, तू बांधलास, मी पुसला, मिस्त्रींनी कपाळाला लावला," यल्लव्वा म्हणाली. "समद्यांनी मिळून पोचवलं त्यांना." तिने एक कागद आणला, केरबाच्या बोटावरचा भुरका त्यात झटकून घेतला आणि पुडी बांधली. ती पुडी आणि दोऱ्यातून सोडवलेला बिल्ला एकत्र कोनाड्यात गेले.

जाताना केरबाने अजून एक गोष्ट दाखवली. त्याने माझं आवाजाचं बटण पार शून्यावर नेलं आणि तबकडी लावली. "कान सुईजवळ आणा," तो म्हणाला. यल्लव्वाने आणला. भोंगा मुका असतानाही सुई स्वतःच बोलत होती, मुंगीएवढी. पार्टी मुंगीएवढी, ढोलकी मुंगीएवढी. पण त्याच वेळी शेजारी लेथ सुरू झाला आणि मुंग्या बुडाल्या. केरबाने सुई उचलली. "नवी सुई घालून जातो. वजन नसंल तर ओळ दोन-तीनदा निघंल. त्याच्या पुढं रेघ सपाट. जपून वापरा."

त्यानंतर यल्लव्वाने मला हात लावला नाही. पौर्णिमा आल्या आणि गेल्या. तबकडी माझ्या थाळीवर होती, झाकण बंद होतं. अंधारात माझ्या छातीवर गणपती दोन-तीनदा पुरेल एवढा उरला होता आणि मला श्वासही घेता येत नव्हता. तसा तो मी एरवीही घेत नाही.

मग भारनियमन सुरू झालं. दोन हजार सहा साल. रोज दुपारी दोन ते साडेचार वीज बंद. गल्ली ओरडली, शेडवाले ओरडले, पिठाची गिरणी अर्ध्या दळणात थांबली. पण पहिल्या दिवशी वीज गेली तेव्हा जे झालं ते मी कधी विसरणार नाही. दोन्ही बाजूंचे लेथ हळूहळू थांबले. पंखे थांबले. पाण्याच्या मोटारी थांबल्या. गल्लीत एवढी शांतता झाली की ती काहीतरी मागते आहे असं वाटलं. मी या घरात आल्यापासून ती कधी झालीच नव्हती.

यल्लव्वा एकटीच घरी होती. ती उठली आणि तिने माझं झाकण उघडलं. मला वीज नव्हती. पोटात जीव नव्हता, भोंगा लाकडासारखा होता. तिने सुई अलगद टेकवली, तबकडीच्या कडेला बोट लावलं आणि फिरवायला सुरुवात केली. कान सुईशी, गाल माझ्या हाताजवळ.

तिचं बोट जात्याच्या लयीत फिरत होतं. पार्टी आली, संथ, गाळातून चालत आल्यासारखी. आवाज माझ्यातून जात होता, पण मी तो काढत नव्हतो. माझ्या अंगावरून कोणीतरी चालत आहे आणि मला विचारलंही नाही, तसं ते होतं. मग ती जागा आली.

गणपती खाकरला.

यल्लव्वाचं बोट थांबलं. तबकडी थांबली. सुई रेघेत उभी राहिली. आणि तबकडी थांबलेली असताना परत कोणीतरी खाकरलं.

मित्रांनो, रेकॉर्डमध्ये खाकरणं एकच आहे. मी ते तीस वर्षं वाजवतो आहे, मला पाठ आहे. दुसरं कुठून आलं याची मी चौकशी केली नाही. काही गोष्टींची चौकशी करायला पाठ फिरवता यावी लागते, आणि मी कपाटाला टेकून बसवलेला आहे.

यल्लव्वा घाबरली नाही. ती दाराकडे न बघता म्हणाली, "व्हय, ऐकायलीया. म्हणा." आणि तिने बोट परत फिरवलं. त्याने ओळ म्हटली. पूर्ण म्हटली. शेवटचा शब्द जरा कमी पडला, पण तो आधीही तिथे कमीच पडायचा.

संध्याकाळी तिने घरात सांगितलं, "नाक्यावर बसलेत. चपलंचा अंगठा तुटलाय म्हणून थांबलेत."

"तुला कसं कळलं?" प्रसेनजीतने विचारलं.

"आवाज बसून काढलेला हुता," ती म्हणाली.

पुढच्या पौर्णिमेला, वीज गेलेल्या दुपारी, ती सगळ्यांना घेऊन बसली. एकाच खेपेत, डोकी जुळवून, संघप्रियाने ऐकलं, प्रसेनजीतने ऐकलं. प्रसेनजीत सुईजवळ तोंड नेऊन "घरी चला," असं म्हणाला. मुलगा आता मिशीवाला, सुपरवायझर झालेला. बोलावून घेतलेल्या केरबाने भिंग लावून बघितलं आणि एक बोट वर केलं. एकदाच. आता फक्त एकदाच निघेल.

"मग ती अशी न्हाई खर्चायची," यल्लव्वा म्हणाली. "निघायच्या टायमाला एकदा नीट बोलायचं माणसाशी. समदं गप असंल तवा."

ती योग्य दिवसाची वाट बघत राहिली. पुढच्या पौर्णिमेला लग्नाचा मांडव पडला. त्याच्या पुढच्या खेपेला तिला ताप होता. मग निवडणुकीच्या रिक्षा आल्या. आणि असं होता होता आमच्या भागातलं भारनियमन उठलं. गल्लीत पेढे वाटले गेले. यल्लव्वाने पेढा हातात धरला आणि तसाच ठेवून दिला.

आता वीज जात नाही. गेली तर दोन्ही शेडचे जनरेटर सुरू होतात, आणि ते लेथपेक्षा मोठे आहेत. रात्री लेथ थांबतात, पण कुत्री आणि महामार्गावरचे ट्रक थांबत नाहीत. सोमवारी लेथ बंद असतात, पण त्या दिवशी माणसं घरी असतात, आणि माणसांकडे टीव्ही, मिक्सर आणि एकमेकं असतात. यल्लव्वाला कान कमी झाला आहे. ती रोज दुपारी दोन वाजता माझं झाकण उघडते, तबकडीच्या कडेला बोट लावून बसते आणि गल्ली गप्प होते का ते बघते. साडेचारला झाकण लावते. तबकडी हलत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याची सुई वेळच्या वेळी बदला. तबकडी मऊ फडक्याने पुसा. आवाज बारीक वाटला तर बटण पिळण्याआधी सुईचं टोक बघा. आणि त्याच्या हातावर काही ठेवू नका, कितीही प्रेमाचं असलं तरी. प्रेमाचं तर नकोच. ते जड असतं.

माझ्यापुरतं म्हणाल, तर मी रीतसर अर्ज केला आहे. तो असा:

प्रति, मा. अभियंता साहेब, वीज पुरवठा, जो कोणता विभाग लागू असेल तो.

विषय: एका गल्लीचे भारनियमन पूर्ववत सुरू करणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, येत्या कोणत्याही एका पौर्णिमेस दुपारी दोन वाजता उद्यमनगरमागील गल्लीचा वीजपुरवठा पाच मिनिटांकरिता खंडित करण्यात यावा. गाणे तीन मिनिटे अकरा सेकंदांचे असले तरी ते हाताने फिरवायचे असून फिरवणाऱ्या बाई थकलेल्या आहेत. सदर कालावधीत दोन्ही शेडचे जनरेटर, सर्व इन्व्हर्टर, कुकरच्या शिट्ट्या व कुत्री बंद ठेवण्याचे आदेश संबंधितांस व्हावेत. राष्ट्रीय महामार्गावरील वाहतूक कोल्हापूर ते कोगनोळी नाका या टप्प्यात तेवढ्यापुरती थांबवण्यात यावी. नाक्यावर चारशे सतरा नंबरचे एक गृहस्थ बसलेले आढळल्यास त्यांना त्या पाच मिनिटांत पुढे जाऊ देऊ नये. त्यांच्याजवळ कोणतेही कागदपत्र नसल्याने ते मागू नयेत. अर्जदारास सही करता येत नाही, तरी सुई टेकवली आहे. बाईंचे वय लक्षात घेता प्रकरण तातडीचे समजावे, आणि मंजुरीचे पत्र घेऊन येणाऱ्या पोस्टमनने कृपया गल्लीत सायकलची घंटा वाजवू नये.